झाडे मोजली, ताप कोण मोजणार?

अंदाजपत्रकाचे दिवस आले की नगर परिषदांच्या पर्यावरण विभागाचा हिशेब मांडला जातो. किती झाडे लावली, किती एलईडी दिवे बसवले, किती शाळांत जनजागृती झाली, किती नागरिकांनी शपथ घेतली. हे आकडे खोटे नसतात आणि ही कामे वाईटही नसतात. मात्र हवामान बदलाचा फटका शहराला बसतो तो झाडांच्या किंवा दिव्यांच्या संख्येत नव्हे. तो बसतो रुग्णालयाच्या ओपीडीत, तापाच्या वॉर्डात, डायलिसिसच्या खाटेवर आणि मृत्यूच्या नोंदवहीत. म्हणून रत्नागिरीसारख्या शहराने हवामानाच्या कामात किती मजल मारली याचा ताळा पाहायचा तर तो आजाऱ्यांच्या नोंदींशी लावून पाहायला हवा. आज तो कुठेच लावला जात नाही.

या प्रश्नाला सध्या निमित्तही आहे. राज्यातील बहुतेक नगर परिषदांवर सुमारे चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन लोकनियुक्त नगराध्यक्ष आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. पुढच्या पाच वर्षांत काय मोजायचे हे आत्ता ठरले नाही, तर जे मोजणे सोपे आहे तेच मोजले जाईल.

गुणपत्रिकेत काय असते, काय नसते

महाराष्ट्र सरकारच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर आधारलेली ही गुणांची स्पर्धा. वृक्षलागवड, कचऱ्याचे वर्गीकरण, जलसंधारण, सौर ऊर्जा, विजेवरच्या वाहनांसाठी सोय, लोकजागृती अशा कामांना गुण मिळतात आणि बक्षिसे जाहीर होतात. या अभियानाचे श्रेय नाकारता येणार नाही. हवामान बदल हा मुंबई-दिल्लीचा किंवा परदेशातल्या परिषदांचा विषय नसून गावाच्या मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावरचा विषय आहे, हे त्याने लहान शहरांना शिकवले. ग्रामपंचायतीसुद्धा त्यात हिरिरीने उतरल्या.

मात्र कोणत्याही परीक्षेत विद्यार्थी ज्याला गुण आहेत त्याचाच अभ्यास करतो. खड्डा खणून रोप लावल्याचे छायाचित्र दाखवता येते. पाणीपुरवठा नियमित केल्यामुळे डेंग्यूचे जे वीस रुग्ण झालेच नाहीत, त्यांचे छायाचित्र काढता येत नाही. त्यामुळे दिसणारे काम पुढे सरकते आणि न दिसणारे मागे राहते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती. एवढ्या शहराने आपले सगळे दिवे सौर ऊर्जेवर चालवले तरी जगाच्या तापमानात मोजता येईल असा फरक पडणार नाही. ते तरीही करावे, कारण वीजबिल वाचते आणि धूर कमी होतो. परंतु तापलेल्या हवेचे, अवेळी पावसाचे आणि खवळलेल्या समुद्राचे जे परिणाम या शहरावर होतात, ते कमी करणे मात्र बऱ्याच अंशी शहराच्याच हातात आहे. पाणी, गटारे, कचरा, सावली ही सगळी नगर परिषदेची जुनी, कायद्याने नेमून दिलेली कामे. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण हे विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूद आहे. हवामान बदलाने या कामांची यादी बदललेली नाही. त्यात चुकले तर मोजावी लागणारी किंमत तेवढी वाढवली आहे.

पिंपातले पाणी आणि डेंग्यू

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे आला की शहर शीळ धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसते. जांभ्याच्या कातळावर पडलेले पाणी काही वाहून समुद्राला मिळते, काही भेगांतून झिरपून निघून जाते. जमिनीत साठून राहणारा भाग थोडा. मॉन्सून आठ-दहा दिवस लांबला की एक दिवसाआड पाणी सोडण्याची वेळ येते. मग घराघरांत पिंपे, बादल्या, हंडे, सिंटेक्सच्या टाक्या भरून ठेवल्या जातात.

इथून पुढचे गणित डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी घालते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला अनुकूल हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि हवा जितकी उबदार, तितके हे चक्र लवकर पुरे होते. शिवाय ही अंडी कोरड्या भांड्यालाही कित्येक महिने चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी नुसती रिकामी करून भागत नाही, ती घासावी लागतात.

आता ज्या घरात पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नाही, त्या घरातल्या बाईला ‘कोरडा दिवस पाळा’ असे सांगणे कितपत रास्त आहे? पिंपातले पाणी ओतून द्यायला ती तयार होणार नाही आणि तिचे चुकते असेही म्हणता येणार नाही. पाणी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दाबाने येईल असा भरवसा असेल तरच लोक साठवण कमी करतात. याचा अर्थ फुटकी जलवाहिनी दुरुस्त करणे हे पाणीपुरवठा विभागाचे काम असले, तरी ते डेंग्यूचे प्रतिबंधक औषधही आहे. फवारणीच्या यंत्रातून निघणारा धूर लोकांना दिसतो, म्हणून त्याची मागणी होते. त्या धुराने उडते डास काही वेळापुरते मरतात, पिंपातल्या अळ्यांना काहीही होत नाही.

तुटक पाणीपुरवठ्याचा दुसरा धोका काविळीचा. नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो. वाहिनीला तडा गेलेला असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिले पाणी तेच. कावीळ ‘अ’ आणि ‘ई’ या मार्गाने पसरतात. गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ प्रकारची कावीळ झाली, तर पाच-चार जणींमागे एकीचा जीव जाण्याइतकी ती गंभीर होऊ शकते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी पाण्याची गळती किती टक्के होती हा आकडा म्हणूनच आरोग्याचाही आकडा आहे.

सदतीस अंशांची लाट

कोकणात उष्णतेची लाट येते, हे अजून अनेकांना पटत नाही. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, इथे ३८ ला कसली लाट, असा सूर असतो. भारतीय हवामान विभागाचा निकष वेगळे सांगतो. मैदानी प्रदेशात ४० अंश, पण किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांना पोहोचले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक असले, की उष्णतेची लाट धरली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीकडून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्राकडून येणारे खारे वारे दुपारी उशिरा सुटतात आणि मधल्या काही तासांत रत्नागिरीचा पारा अचानक चढतो. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा थोडा उतरतो, पण दमटपणा वाढतो.

हा दमटपणाच जास्त घातक. माणसाचे शरीर घाम गाळून थंड होत नाही, घाम वाळल्याने थंड होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम अंगावरून ओघळतो, वाळत नाही. पाणी आणि क्षार जातात, उष्णता तशीच राहते. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते, ते या दोन्ही गोष्टी एकत्र सांगते. हे तापमान ३५ अंशांवर सहा तास राहिले तर धडधाकट माणूसही जगू शकत नाही, असे शास्त्रज्ञ पूर्वी मानत. नंतर तरुण, निरोगी लोकांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, तेव्हा शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागतो असे दिसले. म्हातारी माणसे, हृदयविकाराचे रुग्ण आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांची मर्यादा त्याहूनही खाली.

याचा दाखला कोकणातच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यात, नवी मुंबईच्या खारघरला उघड्या मैदानात भर दुपारी चाललेल्या ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी त्या भागात पारा चाळिशीच्या आतच होता.

रत्नागिरीत या उन्हाला सामोरे जाणारे लोक कोण, हे शोधायला सर्वेक्षणाची गरज नाही. हापूसच्या ऐन काढणीच्या दिवसांत झेला घेऊन कलमांवर चढणारे गडी, बागा राखणारे नेपाळी कामगार, मिरकरवाडा बंदरात मासळी उतरवणारे खलाशी, बाजारात पाटी घेऊन बसलेल्या मासळी विकणाऱ्या बायका, चिरेखाणीतले मजूर, रस्त्याचे डांबरीकरण करणारे, रिक्षावाले, एसटीची वाट पाहणारी माणसे आणि पत्र्याच्या छपराखाली दुपार काढणारे म्हातारे. यांच्यापैकी कोणी चक्कर येऊन पडला, तर केसपेपरवर बहुधा ‘चक्कर’, ‘अशक्तपणा’ किंवा ‘फिट’ असे लिहिले जाते. मृत्यू झाला तर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. त्यामुळे वर्षाअखेरीला कागदावर उष्माघाताचे रुग्ण बोटावर मोजण्याइतके दिसतात आणि कोकणात ऊन बाधत नाही, हा समज पक्का होतो. यात नगर परिषदेचा दोष नाही. हा दोष वैद्यकीय व्यवसायाचा आहे आणि तो दुरुस्त करणे डॉक्टरांच्याच हातात आहे.

अहमदाबादने काय केले

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्या महिन्यात उष्माघाताचे अधिकृत मृत्यू थोडे होते. संशोधकांनी मात्र महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाची नोंदवही उघडली आणि आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिली. सर्व कारणांचे मिळून १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाले होते. या एका आकड्याने शहराचा दृष्टिकोन बदलला. २०१३ मध्ये महापालिकेने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. हवामान विभागाचा अंदाज आला की पिवळा, केशरी, लाल असे इशारे, दवाखान्यांतील डॉक्टर आणि परिचारिकांचे प्रशिक्षण, रुग्णवाहिकांत बर्फाच्या पिशव्या, पिण्याच्या पाण्याची सोय, पुढे झोपडपट्ट्यांतील छपरांना पांढरा चुना. नंतरच्या अभ्यासात या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज निघाला.

अहमदाबाद रत्नागिरीच्या कित्येक पटींनी मोठे. तिथली यंत्रणा इथे जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु या गोष्टीतला मुद्दा पैशाचा नाही. नोंदवही महापालिकेचीच होती, ती वर्षानुवर्षे भरली जात होती, फक्त कोणी त्या नजरेने वाचली नव्हती. रत्नागिरी नगर परिषदेकडेही जन्म-मृत्यू नोंदणीचा विभाग आहे.

इथल्या सोयी इथल्यासारख्या असतील. उष्माघाताच्या रुग्णाला वाचवण्याचा मंत्र साधा आहे: आधी थंड करा, मग हलवा. अंग तापलेले, माणूस भ्रमिष्ट झालेला असेल, तर पहिल्या अर्ध्या तासात अंगावर गार पाणी, वारा आणि बर्फ. या शहरात मासळीच्या धंद्यामुळे बर्फाला तोटा नाही. बंदराजवळ, एसटी स्थानकावर आणि बाजारात बर्फ, पाणी, पंखा आणि चार शिकवलेली माणसे असलेली जागा उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत चालवणे नगर परिषदेला परवडणारे आहे. झाडांचेही तसेच. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात मोकळ्या जागेवर हिरवे काहीतरी आपोआप उगवते. गरज आहे ती माणसे जिथे उभी राहतात तिथे सावलीची: रिक्षा थांब्यावर, मासळी बाजारात, रुग्णालयाच्या फाटकाबाहेर. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात वाटेवरचे जुने वड-पिंपळ गेले. त्या सावलीची भरपाई शहराबाहेर लावलेल्या रोपांच्या संख्येने होत नाही. लावलेल्या झाडांपेक्षा तीन वर्षांनी जगलेली झाडे आणि त्यांच्या सावलीत दुपारी उभी राहणारी माणसे मोजली, तर आरोग्याच्या हिशेबात काही जमा होईल.

पाऊस पडून गेल्यावर

जुलैमधल्या संततधारेनंतर आठ-दहा दिवसांनी रुग्णालयात तापाची रांग वाढते. त्यात लेप्टोस्पायरोसिस असतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू चिखलात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. भातलावणी करणारा शेतकरी आणि गटार उपसणारा सफाई कामगार हे त्याचे हमखास बळी. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, अंगदुखी, पिंढऱ्यांत वेदना, लाल डोळे. वेळेत ओळखला तर स्वस्तातल्या प्रतिजैविकाने बरा होणारा हा आजार उशीर झाला की मूत्रपिंड आणि फुप्फुसे निकामी करतो.

पाऊस आणि ताप यांच्यामधले हे आठ-दहा दिवस म्हणजे निसर्गाने दिलेली मुदत आहे. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की हवामान विभाग त्याला अत्यंत मुसळधार म्हणतो. अशी नोंद झाल्याबरोबर सफाई कामगारांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या, रबरी बूट आणि सखल भागांत ताप सर्वेक्षण, एवढे ठरवून ठेवता येते. त्यासाठी पर्जन्यमापकाचा आकडा आणि दवाखान्याचा आकडा एकाच माणसाच्या टेबलावर आला पाहिजे.

याच जिल्ह्यातल्या चिपळूणने जुलै २०२१ मध्ये पावसाचे दुसरे रूप पाहिले. २२ जुलैच्या पुरात शहर बुडाले, वीज गेली आणि एका कोविड रुग्णालयातील आठ रुग्ण दगावले. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांनी आंदोलन केले आणि किती गाळ निघाला याचा हिशेब सरकारकडे मागत राहिले. तो हिशेब मागणे हेच त्या पुराने शिकवलेले शहाणपण होते. त्याच्या जोडीला आणखी काही प्रश्न प्रत्येक नगर परिषदेने आपल्या हद्दीतल्या लहान-मोठ्या सगळ्या रुग्णालयांना विचारायला हवेत: जनित्र कोणत्या मजल्यावर आहे, प्राणवायूची सोय किती तास पुरेल, पाणी भरले तर रुग्ण कुठल्या वाटेने बाहेर काढणार? निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी, ३ जून २०२० रोजी, ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि नंतर दीर्घकाळ तिथेच रुतून होते. वर्षभरातच तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. वादळ ही आता विरळा घटना राहिलेली नाही.

गटारे तुंबण्यामागे कचरा आहे आणि उंदीर वाढण्यामागेही कचराच. साळवी स्टॉपजवळची कचरा टाकण्याची जागा आणि दांडेआडोमचा वर्षानुवर्षे रेंगाळलेला घनकचरा प्रकल्प रत्नागिरीकरांना नवे नाहीत. उघड्यावर सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने प्रभावी. असा ढीग पेटला तर प्लास्टिकच्या धुरातले बारीक कण दमेकऱ्यांच्या छातीत जातात. शहराचे कार्बन उत्सर्जन, पावसाळ्यातला लेप्टो आणि लहान मुलांचा दमा हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्ही ओल्या कचऱ्याच्या एकाच डब्यापाशी येऊन मिळतात. इतके फायदे देणारे दुसरे काम नगर परिषदेकडे क्वचितच असेल.

माहिती वर जाते, शेजारी जात नाही

यावर नेहमीचे उत्तर असे, की आजारांच्या नोंदी ठेवणे हे आरोग्य खात्याचे काम. खाते ते करतेही. डेंग्यू, लेप्टो, कावीळ, अतिसार यांचे आकडे साथरोग सर्वेक्षणाच्या संगणक प्रणालीवर जातात. उन्हाळ्यात उष्णतेच्या आजारांची वेगळी नोंद होते. राष्ट्रीय हवामान बदल आणि मानवी आरोग्य कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. पण ही माहिती वर पुण्याला, मुंबईला, दिल्लीला जाते. रुग्णालयातून नगर परिषदेत, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या कार्यालयात, ती नियमाने जात नाही. गेली तरी साथ आल्यावर, पत्र म्हणून. आणि केसपेपरवरच्या पत्त्यात ‘रत्नागिरी’ एवढेच लिहिलेले असते. माणूस कोणत्या प्रभागातला, हे कळत नाही. मग कुठले गटार आधी उपसायचे, कुठली वाहिनी आधी दुरुस्त करायची, हे ठरते ते आवाज कोणाचा मोठा यावर.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो रास्त आहे. शहर लहान. हजारी सहा-सात मृत्यू धरले तर साधारण गणिताने वर्षाला पाचशेच्या आसपास, म्हणजे आठवड्याला दहा मृत्यू. एखाद्या आठवड्यात बारा झाले म्हणून उन्हाला जबाबदार धरता येत नाही. शिवाय मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. त्यामुळे जिल्ह्याच्या गावांतून शासकीय रुग्णालयात आलेले रुग्णही शहराच्या आकड्यात मिसळतात. यावर उपाय आहे. अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहायचे, मूळ पत्ता वेगळा काढायचा आणि सोळा लाखांच्या जिल्ह्याचा हिशेब सोबत ठेवायचा. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सामाजिक वैद्यकशास्त्राच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना याहून चांगला अभ्यासविषय मिळणार नाही.

तिसरे उत्तर पैशाचे आणि माणसांचे. नगर परिषदेकडे कर्मचारी कमी, हे खरे. म्हणून मागणीही छोटीच असावी. दर महिन्याला एका पानाचा तक्ता. डाव्या बाजूला प्रभाग. पुढे सात रकाने: पाणी किती दिवस आले, पाण्याचे किती नमुने दूषित निघाले, डासांच्या अळ्या किती घरांत सापडल्या, डेंग्यू, लेप्टो, कावीळ-अतिसार आणि उन्हाने आजारी पडलेले रुग्ण किती. पहिले तीन आकडे नगर परिषदेने भरायचे, उरलेले सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी. खाली मुख्याधिकारी आणि जिल्हा शल्य चिकित्सक यांच्या सह्या. हे पान सभागृहात वाचले जावे आणि वर्तमानपत्रात छापले जावे. रुग्णाचे नाव कुठेही येत नाही, त्यामुळे खासगीपणाला धक्का नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. नोंद नीट होऊ लागली की पहिल्या वर्षी आजार वाढल्यासारखे दिसतील. त्या आकड्यांवरून नगरसेवकांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना झोडपले, तर दुसऱ्या वर्षी आकडे आपोआप उतरतील आणि आजार तसेच राहतील. रुग्ण दडवणाऱ्या शहरापेक्षा रुग्ण सापडणारे शहर सुरक्षित असते, हे नागरिकांनी आणि पत्रकारांनीही समजून घेतले पाहिजे. राज्याच्या अभियानानेही अशा तक्त्याला गुण ठेवावेत. आजार कमी दाखवल्याबद्दल नव्हे, तर खरा आकडा जाहीर केल्याबद्दल.

पक्ष कोणताही असो, पाच वर्षांनी मते मागायला येणारा प्रत्येक उमेदवार हिरव्या शहराचे वचन देईल. त्या वेळी मतदाराच्या हातात असा साठ महिन्यांचा तक्ता असला, तर त्याला दोनच गोष्टी पाहाव्या लागतील. आपल्या प्रभागात पाणी नियमित झाले का आणि तापाच्या रांगा आखूड झाल्या का. पहिले पान येत्या एप्रिलचे असू शकते. त्यासाठी लागणारी माहिती शहरातल्या दोन-तीन कार्यालयांच्या कपाटांत आजही पडून आहे.